चिखलही फोटोत येऊ द्या

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. पावसाळ्यात दुथडी भरून जाणारी ही नदी डिसेंबर-जानेवारीत आकसू लागते. पात्रात रेतीची बेटे उघडी पडतात आणि काठाला ओल्या गाळाचे पट्टे दिसू लागतात. शिवारातल्या पाझर तलावांचेही तसेच होते. शेतात कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा तलावाचे पाणी रोज थोडे थोडे मागे सरकत असते. मागे उरतो तो चिखल. तिथे काय आहे असे कोणाला विचारले, तर बहुधा उत्तर मिळते, "काही नाही, नुसता गाळ आहे."

या 'नुसत्या गाळा'कडे सकाळी दुर्बिणीतून पाहिले, तर तो हलताना दिसतो. लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा शेकाट्या पाण्यात उभा असतो. गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळे कडे असलेला कंठेरी चिखल्या दुडुदुडु धावतो, थबकतो आणि चोच मारतो. शेपटीकडचा भाग सारखा वरखाली करणारी तुतारी काठाने फिरते. चिमणीएवढा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खालीवर करत असतो. यांतले काही पक्षी इथलेच आहेत. टिलवा मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो आणि हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो. त्याचे वजन असते जेमतेम २०-३० ग्रॅम.

या पक्ष्यांचे फोटो काढावेत असे अनेकांना वाटते. आता कॅमेरा जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. फिल्मच्या काळात ३६ फोटोंचा रोल जपून वापरावा लागे, ती अडचणही राहिलेली नाही. म्हणूनच दोन प्रश्नांचा विचार करायला हवा. पक्ष्याला त्रास न देता फोटो कसा काढावा? आणि कोणता फोटो त्या पक्ष्याची जागा वाचवायला उपयोगी पडतो?

एकाच चिखलात अनेक ताटे

पक्षी चिखलाकडे का येतात, हे आधी समजून घेऊ. ओल्या गाळात कुजणारा पालापाचोळा असतो. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर कृमी, लहान गोगलगायी व कीटकांच्या अळ्या जगतात. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या काही माशांच्या लाल अळ्या तर गाळात मुबलक सापडतात. काठच्या पक्ष्यांचे हेच मुख्य अन्न.

मग इतके पक्षी एकाच जागी चरताना भांडणे का होत नाहीत? याचे बरेचसे उत्तर त्यांच्या चोचींत आणि पायांत आहे. टिलव्याची चोच दोन सेंटिमीटरही भरत नाही, म्हणून तो वरच्या थरातले खातो. पाणलाव्याची चोच सहा-सात सेंटिमीटर लांब असते, ती खोलवर पोचते. शेकाट्याचे पाय लांब, त्यामुळे टिलवा जिथे बुडेल तिथे तो सहज चालतो.

शोधण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो नजरेने शिकार करतो, म्हणूनच धावणे, थांबणे, पाहणे आणि टिपणे असा त्याचा क्रम असतो. पाणलावा व तुतारीच्या कुळातले पक्षी स्पर्शावर जास्त अवलंबून असतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श आणि दाब जाणणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. पाणलावा तर चोच चिखलात असतानाच तिचे फक्त टोक उघडून अळी पकडू शकतो.

याचा फोटो काढणाऱ्यालाही उपयोग होतो. चिखल्या धावत असताना मागे लागण्यापेक्षा तो थबकतो त्या क्षणाची वाट पाहावी. पक्ष्याची सवय माहीत असेल, तर साध्या कॅमेऱ्यानेही चांगले काम होते.

पाणी आहे, पण काठ नाही

'पाणथळ जागा वाचवा' म्हणजे 'पाणी वाचवा' असा समज आहे. काठच्या पक्ष्यांच्या बाबतीत तो अपुरा आहे. त्यांना पाणी लागते, पण फार उथळ. एक सोपे गणित करून पाहू.

समजा, एका तलावाचा तळ इतका सपाट आहे की काठापासून १०० मीटर आत गेल्यावर पाणी १ मीटर खोल होते. पक्ष्यांना चालता येईल अशी खोली १० सेंटिमीटरपर्यंत धरली, तर उथळ पाण्याचा पट्टा १० मीटर रुंद होईल. आता दुसरा तलाव घेऊ. त्याच्या भिंतीचा उतार असा आहे की २ मीटरला १ मीटर खोली येते. तिथे हाच पट्टा फक्त २० सेंटिमीटर रुंद होईल. पाणी तेवढेच असले, तरी पक्ष्यांची जागा पन्नासपट कमी झाली!

पहिल्या तलावाची आणखी एक गंमत आहे. त्याची पातळी रोज २ सेंटिमीटर उतरली, तर पाणी रोज २ मीटर मागे सरकेल. म्हणजे पक्ष्यांसमोर दररोज २ मीटरचे ताजे ताट मांडले जाईल.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरपूर पाणी असूनही काठचे पक्षी फारसे का दिसत नाहीत, ते आता कळेल. तिथे उतार तीव्र असतो आणि चिखल नसतो. गावतळ्याचे 'सुशोभीकरण' करताना भोवती उभी भिंत बांधली जाते, तेव्हाही हेच होते. तळे स्वच्छ दिसते, पाणी टिकते, पण काठ मरतो.

तलावातला गाळ काढणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे, यात शंका नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ मध्ये आली. गाळ शेतात पडला की जमीन सुधारते आणि तलावात जास्त पाणी मावते. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गाळ काढताना तलावाची एक बाजू उथळ आणि सौम्य उताराची राहू द्यावी, एवढे गावाने ठरवले तर शेती आणि पक्षी दोघांचे भागते.

फोटोचे गणित

आता कॅमेऱ्याकडे वळू. पक्षी फोटोत केवढा दिसेल, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. भिंगाच्या केंद्रांतराला पक्ष्याच्या अंतराने भागायचे आणि त्याला पक्ष्याच्या लांबीने गुणायचे.

कंठेरी चिखल्या सुमारे १६ सेंटिमीटर, म्हणजे १६० मिलिमीटर लांब असतो. तो २० मीटरवर, म्हणजे २०,००० मिलिमीटरवर आहे आणि आपल्याकडे ४०० मिलिमीटरचे भिंग आहे असे समजू. ४०० भागिले २०,००० गुणिले १६० म्हणजे ३.२ मिलिमीटर. संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असेल, तर पक्षी चित्राच्या रुंदीचा सुमारे अकरावा भाग व्यापेल. मोबाइलच्या मुख्य भिंगाचे खरे केंद्रांतर साधारण ६ मिलिमीटर असते. त्याने हीच प्रतिमा ०.०५ मिलिमीटरपेक्षाही लहान पडते. संवेदक ८ मिलिमीटर रुंद धरला, तर पक्षी चित्राचा सुमारे एकशेसाठावा भाग होतो, म्हणजे एक ठिपका.

अंतर निम्मे केले की प्रतिमा दुप्पट होते. फोटो काढणाऱ्याच्या मनात मोह उत्पन्न होतो तो इथेच. तो एक पाऊल पुढे टाकतो, मग आणखी एक. पण प्रत्येक पक्ष्याची एक सीमा असते. ती ओलांडली की तो उडतो. आणि उडण्याच्या आधीच त्याचे खाणे थांबलेले असते. मान उंच होते, अंग ताठ होते, तो आपल्यावर नजर ठेवू लागतो.

'उडाला तर उडाला, पुन्हा येईल' असे आपण म्हणतो. त्याचाही हिशेब मांडू. समजा, एकदा उठवलेल्या थव्याला दुसरीकडे बसून पुन्हा निवांत चरायला १० मिनिटे लागतात. सुटीच्या दिवशी वेगवेगळ्या लोकांनी तो १८ वेळा उठवला, तर १८० मिनिटे गेली. हिवाळ्यातल्या दहा-अकरा तासांच्या उजेडातले तीन तास! शिवाय उडण्याला शक्ती खर्च झाली ती वेगळीच.

लांबच्या प्रवाशाला हा खर्च महागात पडतो. परतीच्या प्रवासाआधी त्याला अंगात चरबी साठवायची असते, तीच त्याची शिदोरी. २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावलेला एक पाणटिवळा अलास्कातून उडाला तो ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर अंतर कापून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचला. पाणटिवळा हा आपल्या तुतारी-टिलव्याच्याच कुळातला पक्षी. असा प्रवास निवांत चरायला मिळालेल्या दिवसांवर उभा असतो.

मग फोटो काढायचाच नाही का? जरूर काढायचा. फक्त अंतर आपण कमी करायचे नाही, ते पक्ष्याला कमी करू द्यायचे. उजाडण्यापूर्वी पोचावे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी. मळकट रंगाचे कपडे घालून काठापासून थोडे दूर, खाली बसावे आणि हालचाल थांबवावी. पाणी कोणत्या बाजूला उतरत आहे हे पाहून बसलो, तर चरणारे पक्षी आपोआप जवळ येतात. अर्धा-पाऊण तास धीर धरला, तर चिखल्या आपल्यासमोरून धावत जातो. बसल्यामुळे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतो आणि फोटोही अधिक चांगला येतो. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली, तर समजावे की आपण फार जवळ आहोत. अशा वेळी सावकाश मागे सरकावे.

विद्यार्थी बरोबर असतील तर गट पाच-सात जणांचाच असावा. नदीच्या पात्रात रेती उपशामुळे खोल खड्डे झालेले असतात आणि ते पाण्याखाली दिसत नाहीत. मुलांना पात्रात उतरू देऊ नये, निरीक्षण काठावरूनच करावे.

घरट्यापासून दूर

एक गोष्ट आम्ही चुकून शिकलो, ती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही वर्धेच्या पात्रात गेलो होतो. रेतीवर गोट्यांसारखी दिसणारी चार अंडी आढळली. चिखल्याची मादी किंवा नर येईल तेव्हा फोटो घेऊ, म्हणून आम्ही दहा-बारा पावलांवर बसलो. आपण शांत बसलो आहोत, म्हणजे त्रास देत नाही, असा आमचा समज होता. पक्षी आला, थोडा पुढे धावला, पुन्हा मागे फिरला. एक पंख मोडल्यासारखा लोळवत तो आम्हाला दुसरीकडे नेऊ पाहत होता. आम्ही तेही कौतुकाने टिपले. अर्धा तास गेला. रेतीला हात लावून पाहिला तेव्हा चटका बसला आणि आम्ही काय करत होतो ते कळले. आम्ही उठून निघून गेलो. त्या अंड्यांचे पुढे काय झाले, ते पाहायला पुन्हा जाण्याचे धैर्य झाले नाही.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. रेती त्याहून पुष्कळ तापते. अंड्यातला गर्भ ४० अंशांच्या वरचे तापमान फार वेळ सहन करू शकत नाही. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात पक्षी अंड्यांवर बसतो तो अनेकदा ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. टिटवी आणि चिखल्या पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतात. पाणी उडून जाताना उष्णता घेते, हे आपण मुलांना माठाचे उदाहरण देऊन शिकवतो. टिटवी तेच तत्त्व वापरते. या कामात वीस-तीस मिनिटांचा खंड पडला, तर घरटे वाया जाऊ शकते.

नदी सुरय, छोटी आर्ली, चिखल्या हे सारे उघड्या रेतीवर अंडी घालतात. गुरे, मोकाट कुत्री, डांगरवाड्यांतली वर्दळ आणि रेतीच्या गाड्या यांतून ती वाचवायची असतात. त्यांत फोटो काढणाऱ्यांची भर पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे. बंदूक न उचलताही आपण शिकारी ठरू शकतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. घरटे दिसलेच, तर फोटो न काढता आलो त्या वाटेने परतावे. त्याचे ठिकाण मोबाइलवरून कोणाला पाठवू नये. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप राहू शकते, हेही लक्षात ठेवावे.

कोणता फोटो जागा वाचवतो?

आता दुसरा प्रश्न. पक्ष्यांच्या बहुतेक फोटोंत पक्षी मोठा दिसतो आणि मागचे सारे पुसट असते. दिसायला तो सुंदर असतो, पण तो कुठला आहे, कधीचा आहे, पक्षी कशावर जगत होता, हे त्यातून कळत नाही. उद्या त्या तलावाला भिंत घालायचे ठरले, तर असा फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. ज्या फोटोत पक्षी लहान आहे, पण चिखल, पाण्याची रेघ, मागची बाभळीची रांग आणि मंदिराचा कळस दिसतो, तो बोलतो. त्याच जागेवरून दर महिन्याला तसाच फोटो घेतला, तर बारा फोटोंत त्या तलावाचे वर्ष दिसते. मोबाइलने पक्षी ठिपक्याएवढा येतो, पण काठाचा फोटो उत्तम येतो. म्हणजे हे काम कोणत्याही शाळेला करता येईल.

असा पुरावा गावाने का गोळा करावा? कारण कायद्याचे छत्र सगळीकडे पोचत नाही. पाणथळ जागांविषयी रामसर करार इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. त्याच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळ जागाही येतात. आपल्या देशातील २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र नदीचे पात्र, भातशेती आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. राळेगावकडे पाहा. एका बाजूला वर्धेचे पात्र, शिवारात सिंचनाचे तलाव, शेजारच्या बाभूळगाव तालुक्यात बेंबळा धरण. पक्ष्यांना या जागा चालतात, पण नियमांच्या दृष्टीने त्या 'पाणथळ' नाहीत.

मानवनिर्मित जागेला मोल नसते असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर हे गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणी आहे. तिथे गाळ साठत गेला, उथळ दलदल आणि बेटे तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. अडचण म्हणून पाहिला जाणारा गाळच तिथे पक्ष्यांचे वैभव ठरला.

प्रत्येक तलाव रामसर स्थळ होणार नाही, त्याची गरजही नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. शाळेने तारीख, ठिकाण, पक्ष्यांची संख्या आणि काठाचे फोटो या समितीला दिले, तर ती गावाची अधिकृत नोंद होते. तलावाच्या कामाचा विषय ग्रामसभेत निघाला, की ती नोंद पुढे ठेवता येते.

देशपातळीवरही अशा नोंदींना किंमत आहे. 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता. दीर्घकालीन कल ज्यांचा मोजता आला, अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची संख्या घटल्याचे त्यात दिसले. लांबवरून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची घट अधिक होती. या नोंदी करणारे बहुतेक लोक तुमच्या-आमच्यासारखे हौशी होते.

शाळेत करण्यासारखे

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. या आठवड्यात जवळचा एक तलाव किंवा नदीकाठ निवडावा. काठावरचा एखादा दगड किंवा झाड खूण म्हणून ठरवावे आणि तिथूनच, त्याच दिशेने पहिला फोटो घ्यावा. त्यानंतर दर महिन्याला एकदा सकाळी अर्धा तास पक्षी मोजावेत. नाव येत नसेल तर 'आखूड चोचीचा, धावणारा' एवढे लिहिले तरी चालेल. एका काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून काठावरून उथळ पाण्याची खोली मोजावी, हे काम शिक्षकांनी करावे. गणिताच्या तासाला उथळ पट्ट्याची रुंदी काढता येईल. जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते, त्या सुमारास एक मोठी मोजणी ठेवावी. २ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनी तोपर्यंतचे सगळे फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत.

पाहायला येणारे लोक आधी पक्षी शोधतील. कोणीतरी नक्की विचारील, "यात एवढा चिखल कशाला घेतला?" त्याचे उत्तर मुलांनाच देऊ द्यावे.